पुढच्यास ठेंच : लंडनच्या प्रवासी शिष्टाचाराची जन्मकथा

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील मागें एकदां आमच्याकडे आले होते. चिरंजीव उच्च शिक्षणासाठीं लंडनास जाऊन जेमतेम आठ दिवस झाले होते, आणि त्याचें जें पहिलें विस्तृत पत्र घरीं आलें, तें हातांत घेऊनच हे गृहस्थ आले. पत्रांत विद्यापीठाविषयीं दोन ओळी आणि एका अपमानाविषयीं दोन पानें होतीं. भुयारी रेल्वेच्या एका स्टेशनावर हा मुलगा आपली पेटी घेऊन सरकत्या जिन्यावर चढला आणि आपल्याकडील रहदारीच्या संवयीप्रमाणें डाव्या बाजूस उभा राहिला. मागून एक गृहस्थ घाईघाईनें आले आणि "क्षमा करा" एवढेंच म्हणाले. पण त्या दोन शब्दांत क्षमायाचना कमी व दटावणीच अधिक होती. मागच्या पांचदहा माणसांनीं त्याच्याकडे अशा नजरेनें पाहिलें, कीं जणूं हा जोडे घालून देवळाच्या गाभाऱ्यांतच शिरला होता. मुलाचें म्हणणें असें, कीं ज्या लोकांस शेजारीं बसलेल्या माणसाशीं तासभर एक शब्द बोलावासा वाटत नाहीं, त्यांनीं जिन्याच्या कोणत्या बाजूस उभें राहावें याचा एवढा बाऊ करावा, हें ढोंग नव्हे काय? वडिलांचा प्रश्न अधिक व्यवहारी होता. "मुलानें तेथें वागावें तरी कसें, हें तुम्ही त्याला दोन ओळींत लिहून कळवाल का?" असें त्यांनीं आम्हांस विचारलें.

दोन ओळींत तें लिहिणें आम्हांस साधलें नाहीं. नियमांची यादी देणें सोपें आहे. परंतु ज्याचें कारण कळलें नाहीं तो नियम मनुष्य नाइलाजानें पाळतो, आणि संधि मिळतांच मोडतो. म्हणून त्या नियमांचीं कारणें शोधावीं, असें आमच्या मनानें घेतलें. शोधूं लागतांच एक गोष्ट दिसून आली. ज्यांस आपण इंग्रजांची टापटीप किंवा त्यांचा शिष्टपणा म्हणून हंसतों, त्यांतील बऱ्याच रीतींच्या मुळाशीं कोणाची तरी गैरसोय, कोणाची तरी भीति, आणि कित्येकदां कोणाचा तरी मृत्यु आहे. 'पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा' ही आपली म्हण लंडनच्या गाड्यांस आणि जिन्यांस जितकी लागू पडते, तितकी दुसऱ्या कशास क्वचित्‌च लागू पडत असेल.

प्रारंभ करावयाचा तो घोड्यांच्या गाडीपासून. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडन शहरांत परक्या माणसाच्या गुडघ्यास गुडघा लावून बसण्याचा प्रसंग फारसा कोणावर येत नसे. श्रीमंतांस स्वतःची बग्गी, मध्यम स्थितीच्या लोकांस भाड्याची घोडागाडी, आणि बाकीच्यांस देवानें दिलेले पाय, अशी साधारणपणें व्यवस्था होती. ४ जुलै १८२९ रोजीं जॉर्ज शिलिबीर या गाड्या बांधणाऱ्या कारागिरानें पॅडिंग्टनपासून बँकेपर्यंत एक लांबलचक गाडी सुरू केली. तिला तीन घोडे जुंपलेले असत आणि तींत २२ उतारू बसत. ही कल्पना त्यानें पॅरिसहून आणली होती. गाडीचें नांव 'ऑम्निबस'. या लॅटिन शब्दाचा अर्थ 'सर्वांसाठीं' असा आहे. आणि आपण आज ज्यास 'बस' म्हणतों, तें या शब्दाचें शेंपूट होय.

'सर्वांसाठीं' हा शब्द उच्चारण्यास सोपा, पण आचरण्यास कठीण. सात वर्षांच्या आंतच, म्हणजे जानेवारी १८३६ मध्यें, 'टाइम्स' पत्रानें ऑम्निबसमधून जाणारांसाठीं एक नियमावली छापली. ती थोडी थट्टेनें आणि थोडी त्राग्यानें लिहिलेली आहे. बैठकीवर पाय ठेवूं नये; आपण उबेच्या कोपऱ्यांत बसून शेजाऱ्याच्या मानेवर गार वारा येईल अशी खिडकी उघडूं नये; पाय फांकून दोघांची जागा अडवूं नये; खालीं पसरलेल्या गवतावर थुंकूं नये; उतरण्यापूर्वीं पैसे हातांत तयार ठेवावे; कुत्रें आणावयाचेंच तर तें लहान असावें आणि दोरीनें बांधलेलें असावें; मोठीं गांठोडीं आणूं नयेत; भांडणें मोकळ्या मैदानासाठीं राखून ठेवावीं; आणि स्त्रियांशीं अदबीनें वागावें. असा तिचा एकंदर मतलब आहे.

ही यादी वाचतांना वाचकांस आपल्याकडील एस्. टी. च्या गाडीची आठवण झाल्यास त्यांत नवल नाहीं. ज्या गोष्टी कोणी करीतच नाहीं, त्यांचा निषेध करण्याची पाळी कोणावर येत नाहीं. अर्थात् १८३६ सालचे लंडनवासी पाय फांकून बसत होते, गवतावर थुंकत होते, आणि गाडींत भांडतही होते. इंग्रज मनुष्य जन्मतःच रांगेंत उभा असतो, ही कल्पना या एका यादीनेंच खोटी ठरते. दुसरी लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी, कीं ही नियमावली सरकारची नव्हती. ती एका वर्तमानपत्रानें केलेली विनवणी होती आणि तिच्यामागें दंड नव्हता. शिष्टाचार म्हणजे पोलिसावांचून चालणारा कायदा, ही गोष्ट त्या पेटीएवढ्या गाडींत लोक हळूहळू शिकले. ज्या मौनाचा आमच्या विद्यार्थ्यास राग आला, त्याचेंही एक मूळ आम्हांस येथेंच दिसतें. जेथें शरीरास हात हलवण्याइतकी जागा नाहीं, तेथें निदान मनास तरी थोडी मोकळी जागा असावी, म्हणून शेजाऱ्यानें शेजाऱ्याकडे पाहावयाचें नाहीं आणि त्यास प्रश्न विचारावयाचे नाहींत. दाटीच्या घरांत आपण जसा मध्यें पडदा लावतों, तसाच हा मौनाचा पडदा होता.

परंतु पडद्याची भिंत झाली म्हणजे काय होतें, हें रेल्वेनें दाखवून दिलें. १० जानेवारी १८६३ रोजीं पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जगांतील पहिली भुयारी रेल्वे उतारूंसाठीं खुली झाली. इंजिनें वाफेचीं, डब्यांत गॅसचे दिवे. तरीही पहिल्या दिवशीं सुमारें ३८ हजार लोकांनीं तींतून प्रवास केला. जमिनीखालील काय किंवा जमिनीवरील काय, त्या काळच्या रेल्वेच्या डब्यांत लहान लहान खोल्या असत. प्रत्येक खोलीस दोन्ही बाजूंस बाहेर उघडणारीं दारें असत. पण एका खोलींतून दुसरींत जाण्यास वाट नसे. गाडी एकदां सुटली म्हणजे पुढील स्टेशन येईपर्यंत आंतील माणसांचा जगाशीं कांहीं संबंध उरत नसे. सोबती सज्जन असला तर ठीक. नसला तर हांक मारून उपयोग नाहीं.

९ जुलै १८६४ च्या रात्रीं टॉमस ब्रिग्ज या नांवाचे, एका बँकेंत मुख्य कारकून असलेले ६९ वर्षांचे गृहस्थ फेंचर्च स्ट्रीट स्टेशनावर पहिल्या वर्गाच्या अशाच एका खोलींत बसून घराकडे निघाले. गाडी हॅक्नीस आली तेव्हां त्या खोलींत शिरलेल्या दोघां तरुणांच्या हातांस बैठकीवरील रक्त लागलें. ब्रिग्ज हे रुळांच्या मधोमध बेशुद्ध स्थितींत सांपडले आणि दुसऱ्या दिवशीं रात्रीं वारले. त्यांचें सोन्याचें घड्याळ व सांखळी नाहींशी झाली होती, आणि खोलींत जी टोपी सांपडली ती त्यांची नव्हती. त्या टोपीवरून आणि सांखळीवरून फ्रांट्स म्यूलर या जर्मन शिंप्याचा सुगावा लागला. तो शिडाच्या जहाजानें न्यूयॉर्कच्या वाटेस लागला होता. पोलिस आगबोटीनें निघाले आणि त्याच्या आधींच पोंचून बंदरावर त्याची वाट पाहत राहिले. १४ नोव्हेंबर १८६४ रोजीं न्यूगेट तुरुंगाबाहेर प्रचंड जमावासमोर त्यास फांशीं देण्यांत आलें. ब्रिटनमधील आगगाडींत झालेला हा पहिला खून होय.

गुन्हेगारास शासन झालें, पण लोकांचें भय त्यामुळें गेलें नाहीं. ज्या मौनानें काल सभ्यता राखली होती, तेंच मौन आज संशयास्पद वाटूं लागलें. समोर बसलेला अनोळखी मनुष्य सभ्यपणें गप्प आहे, कीं संधीची वाट पाहत आहे? एका कंपनीनें खोल्यांच्या मधल्या भिंतींस लहान वाटोळ्या खिडक्या पाडल्या, आणि लोकांनीं त्यांस 'म्यूलरचे झरोके' असें नांव ठेवलें. पण शेजारच्या खोलींतील मनुष्य आपल्याकडे डोकावतो, हेंही उतारूंस रुचेना. एकांत हवा आणि सोबतही हवी, अशी ही अडचण होती.

या अडचणींतून १८६८ च्या रेल्वे-नियमनाच्या कायद्यानें एक मार्ग काढला. मध्यें कोठें न थांबतां वीस मैलांहून अधिक धांवणाऱ्या गाडींत, उतारूंस गाडीवरील नोकरांस सूचना देतां येईल असें साधन असलेंच पाहिजे, असें त्यांत ठरविलें. आणि त्याच कलमांत, पुरेशा कारणावांचून त्या साधनाचा उपयोग करणारास पांच पौंडांपर्यंत दंड सांगितला. आपल्या आगगाडींतील सांखळी आणि तिच्या शेजारीं लिहिलेली दंडाची ताकीद लहानपणापासून आपण सर्वांनीं वाचलेली आहे. त्या जोडीचें मूळ येथें आहे. या कलमाकडे आम्ही अमळ आदरानें पाहतों. शांतता राखणें हा नियम. पण प्रसंग आला असतां ती शांतता मोडणें हाही तितकाच नियम. आणि कोणता प्रसंग खरा हें ठरविण्याची जबाबदारी प्रवाशाच्या शिरावर. एका कलमांत इतकें सारें आलें आहे.

अर्थात् कायदा झाला म्हणून संकट टळतें असें नाहीं. १८७५ च्या जून महिन्यांत लंडनकडे येणाऱ्या एका गाडींत कर्नल व्हॅलेंटाइन बेकर या लष्करांतील बड्या अधिकाऱ्यानें आपल्यासमोर एकट्याच बसलेल्या एका तरुणीचा हात धरला. सूचना देण्याचें साधन तिच्या उपयोगीं पडलें नाहीं. तेव्हां ती धांवत्या गाडीचें दार उघडून बाहेरच्या पायपट्टीवर उभी राहिली, आणि गाडी थांबेपर्यंत तशीच दाराला धरून राहिली. बेकर हा राजपुत्राच्या स्नेहमंडळींतील असूनही त्यास एक वर्षाची कैद व ५०० पौंड दंड झाला आणि लष्करांतून त्याचें नांव गेलें. सभ्य घरच्या मुलीनें बोभाटा करूं नये, अशी त्या काळची रीत होती. त्या मुलीनें ती मोडली आणि न्यायासनासमोर उभी राहून साक्ष दिली. गाडींत चढल्यावर दाराजवळची मूठ कोठें आहे हें पाहणाऱ्या प्रत्येक एकट्या प्रवासिनीनें तिचें स्मरण करावें, असें आम्हांस वाटतें.

आतां ज्या जिन्यावर आमच्या विद्यार्थ्याचा अपमान झाला, त्याकडे वळूं. लंडनच्या भुयारी रेल्वेंत पहिला सरकता जिना ४ ऑक्टोबर १९११ रोजीं अर्ल्स कोर्ट स्टेशनावर सुरू झाला. त्या वेळच्या जिन्याचा शेवट आजच्यासारखा सरळ नसून तिरपा असे, आणि उजव्या पायाखालचा जिना डाव्या पायाखालच्या जिन्याच्या आधीं संपे. उजव्या बाजूस उभें राहण्याची रीत या तिरप्या शेवटापासून पडली, असें सांगतात. रस्त्यावर डावीकडून चालणाऱ्या या देशांत जिन्यावर मात्र उजवीकडे उभें राहावयाचें, ही विसंगति अशी एका जुन्या यंत्राच्या ठेवणीमुळें शिल्लक राहिली. यंत्र पुढें बदललें. पण उभे राहणारांनीं उजवीकडे असावें आणि घाईच्या माणसांसाठीं डावी बाजू मोकळी सोडावी, ही रीत कायम झाली.

ही रीत अजून उपयोगाची आहे काय, याचाही त्यांनीं विचार केला, हें सांगितलें पाहिजे. २०१५ च्या नोव्हेंबरांत आणि पुन्हां २०१६ सालीं होबर्न स्टेशनावर, गर्दीच्या वेळीं दोन्ही बाजूंस उभेंच राहावें, असा प्रयोग करण्यांत आला. तेथील जिना फार उंच असल्यामुळें चालत जाणारे थोडे. त्यामुळें डावी बाजू बहुतेक रिकामी जाते आणि खालीं रांग तुंबते. दोन्ही बाजू भरल्यावर तितक्याच वेळांत बरींच अधिक माणसें वर गेलीं. गणितानें कौल दिला. पण लोकांनीं दिला नाहीं. उतारूंनीं कुरकुर केली, आणि जुनी रीतच चालू राहिली. येथें आमच्या विद्यार्थ्याचें म्हणणें निम्मे खरें आहे, असें कबूल करावें लागतें. प्रत्येक रीतीमागें आज कारण असतेंच असें नाहीं. कांहीं रीति केवळ आपण सारे एका शहरांतले, एवढीच खूण म्हणून उरतात. तथापि ज्याची गाडी चुकत आहे त्यास वाट देणें, ही खूण कांहीं वाईट नव्हे.

शिष्टाचार वरून लादावा लागत नाहीं, लोक तो आपण होऊन उभारतात, हें दुसऱ्या महायुद्धानें दाखविलें. सप्टेंबर १९४० मध्यें लंडनवर रोज रात्रीं बाँब पडूं लागले. भुयारी स्टेशनांचा आश्रय घेण्यास सरकारची प्रथम संमति नव्हती. पण लोकांनीं थोड्या पेन्यांचें तिकीट काढलें, खालीं उतरले, आणि वर आलेच नाहींत. सरकारला नमावें लागलें. मग फलाटांवर पांढऱ्या रेषा आंखण्यांत आल्या. एक फलाटाच्या कडेपासून आठ फुटांवर आणि दुसरी चार फुटांवर. संध्याकाळीं साडेसातपर्यंत निजणारांनीं आठ फुटांच्या रेषेमागें राहावयाचें. पुढें साडेदहापर्यंत चार फुटांच्या मागें. आणि गाड्या बंद झाल्यावर सारा फलाट त्यांचा. कामावरून परतणारा उतारू आणि घर सोडून आलेलें कुटुंब यांच्यामध्यें ती खडूएवढी रेषा काय ती आड होती. त्याच दिवसांत गाड्यांच्या व बसच्या खिडक्यांस, कांचा फुटून अंगांत शिरूं नयेत म्हणून, जाळी चिकटविलेली असे. आणि बाहेरचें स्टेशन दिसावें म्हणून उतारू ती कुरतडीत. तेव्हां डेव्हिड लँग्डन या चित्रकारानें काढलेला 'बिली ब्राउन' नांवाचा एक सोज्ज्वळ गृहस्थ भित्तिपत्रकांतून पद्यांत उपदेश करूं लागला, आणि लोक त्या उपदेशाखालीं पेन्सिलीनें चावट उत्तरें लिहूं लागले. जेथें उपदेशाची थट्टा करण्याची मोकळीक असते, तेथें उपदेश अधिक पाळला जातो, असा आमचा वर्गांतील अनुभव आहे.

परंतु या सद्‌गुणांसही मर्यादा होती. १४ ऑक्टोबर १९४० रोजीं बॅलम स्टेशनावर रस्ता फोडून बाँब खालपर्यंत आला आणि साठांहून अधिक माणसें मेलीं. त्यांत कोणाच्या वागणुकीचा दोष नव्हता. याहून हृदयद्रावक गोष्ट बेथनल ग्रीनची. ३ मार्च १९४३ च्या रात्रीं भोंगा झाला आणि लोक नेहमींप्रमाणें त्या अर्धवट बांधलेल्या स्टेशनाकडे निघाले. जवळच्या बागेंत नव्या तऱ्हेचीं विमानविरोधी अग्निबाणांचीं यंत्रें होतीं. त्यांचा आवाज लोकांच्या परिचयाचा नव्हता. तो ऐकतांच गर्दी पुढें रेटली गेली. पावसानें ओल्या झालेल्या, अंधुक दिव्याच्या आणि मध्यें धरण्यास कठडा नसलेल्या जिन्याच्या तळाशीं एक स्त्री पडली. तिच्यावर दुसरें माणूस पडलें. वरच्यांस खालचें दिसेना. थोड्याच वेळांत १७३ माणसें गुदमरून मेलीं, आणि त्यांत ६२ मुलें होतीं. त्या रात्रीं त्या ठिकाणीं एकही बाँब पडला नव्हता. जिन्याची वाट सुधारावी म्हणून स्थानिक नगरसभेनें आधींच मागणी केली होती, ती मान्य झाली नव्हती. चौकशीचा अहवालही युद्धाच्या अखेरीपर्यंत लोकांपुढें आला नाहीं. नंतर तेथें कठडे बसले. आज जिन्यावर 'कठडा धरून चला' असा फलक दिसला म्हणजे तो आपणांस लहान मूल समजतो, असें वाटून राग येतो. पण त्या फलकामागें असे जिने आहेत.

आतां शेवटची आणि आमच्या मतें सर्वांत बोधप्रद कथा. भुयारी गाड्यांत धूम्रपानास १९८४ सालीं बंदी झाली, आणि १९८५ च्या फेब्रुवारींत ती जमिनीखालील स्टेशनांसही लागू झाली. पण घराकडे निघालेला मनुष्य सरकत्या जिन्यावरच सिगारेट शिलगावी आणि आगकाडी खालीं टाकी. ती जुनी संवय होती आणि कोणी कोणास हटकीत नसे. १८ नोव्हेंबर १९८७ रोजीं संध्याकाळीं किंग्ज क्रॉस स्टेशनावर अशीच एक जळती काडी लांकडी जिन्याच्या फटींतून खालीं गेली. खालीं वर्षानुवर्षांचें वंगण, कागद, केस आणि कापसाचा भुगा सांचला होता. पुढें तपासांत त्याच जिन्याखालीं पूर्वींच्या अनेक लहान आगींचे डाग सांपडले. त्या आपोआप विझल्या होत्या. अशा प्रकारास तेथील अधिकारी 'आग' म्हणत नसत, 'धुमसणें' म्हणत. शब्द सौम्य केला कीं वस्तूही सौम्य होते, हा भ्रम राज्यकर्त्यांस जडतो तसाच तो रेल्वेवाल्यांसही जडला होता.

साडेसातच्या सुमारास एका उतारूनें तिकिटाच्या खिडकीशीं जाऊन वर्दी दिली. दुसऱ्या एकानें जिना थांबविण्याची कळ दाबली आणि ओरडून लोकांस उतरण्यास सांगितलें. एवढें दोघांतिघांनीं केलें. बाकीचे धूर पाहत पाहत आपल्या रोजच्या वाटेनें चालत राहिले. गाड्या येत राहिल्या, आणि खालचीं माणसें दुसऱ्या जिन्यानें वर, तिकिटांच्या दालनांत, आणलीं जात राहिलीं. पाऊणे-आठ वाजतां पन्हळीसारख्या त्या जिन्याच्या कुशींत आडवी पडून वाढलेली ज्वाला एकदम त्या दालनांत फुटली. ३१ माणसें मेलीं. त्यांत मदतीस आलेला आगीच्या बंबाचा एक अधिकारी होता. डेस्मंड फेनेल यांच्या चौकशीचा अहवाल १९८८ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यानें बरेंच कांहीं बदलून टाकलें. लांकडी जिने काढण्यांत आले, त्यांतील शेवटचा ग्रीनफर्ड स्टेशनावरून २०१४ सालीं गेला. नोकरांस आगीचें शिक्षण मिळूं लागलें, आणि धूम्रपानाची बंदी खरोखर अंमलांत आली.

या कथेंत आम्हांस जें दिसतें तें असें. मौन, रांग, आपल्या वाटेनें निमूटपणें जाणें, हे गुण ज्या शहराचें भूषण आहेत, त्याच शहरांत त्या संध्याकाळीं ते अंगलट आले. ज्यांनीं शिष्टाचार मोडला, म्हणजे परक्या माणसांवर ओरडले आणि दंडाची पर्वा न करतां कळ दाबली, त्यांनीं आपलें कर्तव्य केलें. ७ जुलै २००५ रोजीं तीन भुयारी गाड्यांत व एका बसमध्यें बाँब फुटून ५२ निरपराध माणसें मेलीं, त्या सकाळींही हेंच दिसलें. एजवेअर रोडजवळ शेजारच्या गाडींतील उतारू जखमींच्या मदतीस स्फोट झालेल्या गाडींत शिरले. एरवीं जीं माणसें एकमेकांकडे पाहिलीही नसतीं, तीं काळोखांत एकमेकांचे हात धरून बसलीं. पडदा होता, पण तो भिंत झाला नव्हता.

मनुष्यस्वभावाचा हा ओलावा यंत्रांतही कधीं कधीं दिसतो. वळणावरच्या फलाटांशीं गाडी उभी राहिली असतां मध्यें जी फट राहते, तिच्याविषयीं सावध करणारी दोनतीन शब्दांची सूचना १९६८ च्या सुमारास ध्वनिमुद्रित होऊन स्टेशनांवर वाजूं लागली. एम्बँकमेंट स्टेशनावर ऑस्वल्ड लॉरेन्स या नटाचा आवाज होता. तो वारल्यावर त्याची पत्नी केवळ तो आवाज ऐकण्यासाठीं त्या फलाटावर जाऊन बसत असे. २०१२ सालीं नवें यंत्र आलें आणि तो आवाज बंद झाला. तिनें चौकशी केली तेव्हां अधिकाऱ्यांनीं जुना आवाज शोधून काढला, तिला त्याची प्रत दिली, आणि २०१३ सालीं त्या फलाटावर तो पुन्हां सुरू केला. ज्या सूचनेचा परक्यास कंटाळा येतो, ती कोणाच्या तरी घरचा आवाज असूं शकते.

हें सारें मनांत आल्यावर आम्हीं त्या मुलास जें लिहिलें, तें थोडक्यांत असें: जिन्यावर उजवीकडे उभा राहा, आणि पेटी आपल्या पुढें किंवा मागें ठेव, शेजारीं नको. गाडी आली म्हणजे दाराच्या बाजूस हो; आंतली माणसें उतरल्यावांचून आंतील जागा होणार नाहीं, हें साधें गणित आहे. पाठीवरची पिशवी गर्दींत उतरवून हातांत घे. 'मला बसण्यास जागा द्यावी' असा बिल्ला लावलेला कोणी दिसला, तर त्याचा आजार काय असें विचारूं नको, ऊठ. कागदाचा बोळा टाकण्यास टोपली सांपडली नाहीं तर चिडूं नको. १९९१ सालीं व्हिक्टोरिया स्टेशनावर कचऱ्याच्या टोपलींत ठेवलेल्या बाँबनें एक मनुष्य मेला, आणि तेव्हांपासून टोपल्या दुर्मीळ झाल्या. बोळा खिशांत ठेव. आपली पिशवी बेवारशी सोडूं नको आणि दुसऱ्याची बेवारशी दिसली तर गप्प बसूं नको. शेजारी बोलत नाहीं म्हणून तो तुझा तिरस्कार करतो असें समजूं नको. तो तुला तुझा एकांत देत आहे.

आणि शेवटीं एक ओळ आम्हीं खालीं रेघ मारून लिहिली. धूर दिसला, कोणी पडलें, किंवा कोण्या मुलीस कोणी त्रास देत असल्याचें दिसलें, तर मीं परका, मीं कशास बोलूं, असें म्हणूं नको. त्या शहरांतल्या सांखळ्या परक्यांसाठींही टांगलेल्या आहेत. त्यांची मूठ कोठें आहे, हें मात्र गाडींत चढल्याबरोबर पाहून ठेवीत जा.